लागेल तेव्हा उसव

४ ऑक्टोबर

तिकीट आलं. ताईनं पाठवलं, तेही मला न विचारता!

मी 'परत पाठवते' म्हणाले, तर हे हसायला लागले. "विमानाचं तिकीट आहे, शेजारणीची वाटी नव्हे परत करायला."

ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. भावजी जाऊन वर्ष होत आलं. घरात ती एकटी. तीनेक आठवडे कुणीतरी सोबतीला हवं, आणि 'कुणीतरी' म्हणजे अर्थात मी. जाईन. सख्खी बहीण आहे, परकी नव्हे. पण तिकिटावर थांबायचं. तिथे पोचल्यावर तिचा एक पैसा घ्यायचा नाही. ठरलं म्हणजे ठरलं.

५ ऑक्टोबर

काल लिहिलेलं वाचून यांना वाटेल मी खडूस आहे. पण हे वाचणार नाहीत, यांना माझं अक्षर लागत नाही. तेव्हा लिहूनच टाकते.

बत्तीस वर्षांपूर्वी यांचा कारखाना बंद पडला. लेक तान्ही. मी घरात पायमशीन घेऊन बसले होते, आणि दुकानाचा एक गाळा मिळत होता. अनामत भरायला पैसे नव्हते. ताईला परदेशात जाऊन चार वर्षं झाली होती. तिला फोन केला. जन्मात तेवढा एकदाच कुणापुढे हात पसरला. ती "बघते गं" म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

पुढे भावजींच्या ऑफिसातले एक गृहस्थ सुट्टीवर इकडे आले, त्यांच्याबरोबर तिनं पाठवलं काय — तर कोट! तिचा अंगावरून उतरलेला! आणि त्या गृहस्थांनी दारातच निरोप सांगितला, पाठ केल्यासारखा : "ताईंनी सांगितलंय, कोटात माया ठेवलीय, लागेल तेव्हा उसव."

आमच्या धंद्यात माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जास्तीचं कापड. माणूस भरलं की शिवण उसवायची, मायेतलं कापड काढायचं, कपडा सैल. वडील शिंपी, आम्ही दोघी त्यांच्या मशीनखालच्या चिंध्यांत वाढलो. मायेचा अर्थ मला कुणी शिकवायला नको. तेव्हा मी बाळंतपणानं फुगून हंडा झाले होते. लागेल तेव्हा उसव! म्हणजे अजून फुगशील! पैसे मागितले तर जुना कोट, आणि वर टोमणा.

त्या गृहस्थांना चहासुद्धा विचारला नाही. बांगड्या मोडल्या, गाळा घेतला. कोट ट्रंकेत टाकला तो टाकलाच.

म्हणून आता एकच मनात आहे. ताईला तिच्याच गावात, तिच्याच दुकानात उभी करून नवा कोरा कोट घेऊन द्यायचा. पैसे मी भरणार, तिच्यासमोर.

आता ते पैसे तिकडे न्यायचे कसे, हा प्रश्न.

८ ऑक्टोबर

जो भेटतो तो शहाणा.

लेक फोनवरून म्हणाली, "आई, सगळ्यात सोपं सांगू? पैसे मावशीच्या खात्यात पाठव. तिथे ती काढून देईल तुला." म्हणजे माझेच पैसे ताईच्या हातून घ्यायचे! मी म्हटलं, दुसरं सांग. तर म्हणे, मग तुझ्या नेहमीच्या बँकेच्या कार्डाला परदेशातली परवानगी चालू करून घे. पण दर वेळी काढताना बँक वरून तिचा वाटा कापून घेते. मोबाइलवरून मी इथे भाजीवालीला देते तसे तिथे देता येत नाहीत म्हणे. एवढं शिकले, तेही वाया.

मग खालच्या मजल्यावरचे कॅशियरकाका. निवृत्त होऊन किती काळ लोटला, अजून अंगठा ओला करूनच वर्तमानपत्र उलटतात. "वहिनी, रोकड ती रोकड! कार्डाला वाचा नसते. बंद पडलं की पडलं." एकदाच परदेशी गेले होते, तेव्हा पोटाला पैशांचा पट्टा बांधून. तो पट्टा आणून दाखवला. वास येत होता. मी लांबूनच छान म्हटलं.

ते गेल्यावर हे म्हणाले, "या माणसानं बरीच माया जमवलीय असं लोक म्हणतात. चपला बघितल्यास का त्याच्या? अंगठा तारेनं बांधलाय."

मी म्हटलं, म्हणूनच जमली असेल.

९ ऑक्टोबर

सगळी रोकड न्यावी तर गेली की सगळी गेली. सगळे कार्डावर ठेवावे तर अडलं की सगळं अडलं. डोकं भणभणलं. शाळेच्या गणवेशांची अकरा काजं उलट्या बाजूला पाडली! उद्या परत उसवायची.

११ ऑक्टोबर

बँकेत गेले. काउंटरवरची मुलगी गोड होती. मुख्य म्हणजे तिनं मला मूर्खात काढलं नाही. 'प्रवास कार्ड' म्हणून असतं. आपण इथून पैसे भरायचे, ते आजच्याच दरानं तिकडच्या चलनात बदलून कार्डात बसतात. मग दर वर जावो, खाली जावो, आपण निवांत. हरवलं तर फोन करायचा, ते बंद करतात. आपल्या खात्याला त्याचा हात लागत नाही. हे मला पटलं. घरच्या कपाटाची किल्ली घेऊन कुणी बाजारात फिरत नाही. आठवड्याचं पाकीट वेगळं ठेवतो, तसं.

आणखी एक सांगितलं तिनं : "तिकडचं मशीन विचारेल, तुमच्या चलनात कापू की इथल्या? तर नेहमी तिथलंच दाबा. आपलं दाबलंत की ते मनाला येईल तो दर लावतात." हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. कॅशियरकाकांनाही माहीत नव्हतं. चेहरा पडला त्यांचा!

मग पिन. चार आकडे. जन्मतारीख नको, फोन नंबर नको, आणि कुठे लिहून ठेवायचा नाही. मला आकडे एकाच प्रकारचे लक्षात राहतात — मापं. गल्लीतल्या कुणाचीही छाती-कंबर झोपेत सांगेन, पण लेकीचा फोन नंबर विचारू नका. म्हणून यांचं माप ठेवलं. चारच आकडे होतात, बरोब्बर. इथेही लिहीत नाही. सांगितलं ते ऐकते मी.

बाहेर पडले तेव्हा इतकं हलकं वाटलं! येताना स्वतःला उसाचा रस पाजला.

१२ ऑक्टोबर

ठरलं. तीन ठिकाणी वाटणी. बरेचसे प्रवास कार्डात. नेहमीचं बँकेचं कार्ड बॅगेत तळाशी, ते पर्समध्ये कधीच नाही. कॅशियरकाकांचं एवढं ऐकलं, की दोन पाकिटं एकत्र फिरवायची नाहीत. आणि थोड्या परक्या नोटा अंगावर. कुठे, ते शोधायचंय.

एका टाक्यावर सगळी शिवण सोडू नये, वडील म्हणायचे.

१५ ऑक्टोबर

तिकडे थंडी कडक आहे. लेक रविवारी आली आणि तिनं ट्रंक उपसली. "आई, एवढा सुंदर कोट पडून आहे आणि तू नवा शोधतेस?"

मी म्हटलं, तो नको.

"का?"

का ते तिला कधी सांगितलंच नाही. मावशी तिची लाडकी आहे, कशाला विष कालवू. घालून बघितला. मेला अंगाला असा बसला, जणू माझ्याच मापावर बेतलेला! हे म्हणाले, "वा!" हे 'वा' क्वचित म्हणतात.

मग सुचलं. हाच घालून जायचं. तिथे नवा कोट तिच्या अंगावर चढवायचा आणि हा तिच्या हातात द्यायचा. हा तुझा तुला, बाई. या विचारानं मला दिवसभर इतकं बरं वाटत होतं की शाळेच्या चड्ड्यासुद्धा गुणगुणत शिवल्या.

१६ ऑक्टोबर

नोटांची जागा सापडली. कोटाच्या अस्तरात! चोरखिसा करायचा नाही, चोर तो आधी चाचपतात. शिवणीत, मायेच्या घडीतच बसवायच्या.

उजवी बाजू उसवली. ती मशीनची शिवण होती, भराभर सुटली. डावीकडे पुढच्या पट्टीला अस्तर हातानं शिवलेलं आहे, आणि टाके इतके बारीक आणि सारखे, की त्याला कात्री लावायला जीव धजेना. परदेशी कारखान्यात एक बाजू मशीननं आणि एक हातानं का शिवतात कोण जाणे. डावा पुढा जरा ताठही आहे. आत ताठपणासाठी घालतात तो कॅनव्हास आकसला असणार. मला काय, मी थोडीच ठेवणार आहे.

नोटा पातळ कापडात गुंडाळून बसवल्या, वर टाके. हे चाचपून बघत होते. "कुठेत?" सापडल्या नाहीत! तीनदा बघितलं. लग्नानंतर मी यांना इतकं हरवलेलं कधी बघितलं नव्हतं.

२० ऑक्टोबर

उद्या निघायचं. छोटी कात्री मोठ्या बॅगेत टाकली, जवळ ठेवली तर काढून घेतात. यांना कपाटात डबे दाखवले. यांनी मान डोलावली. काही लक्षात राहणार नाही.

२२ ऑक्टोबर

पोचले! तपासणीच्या कमानीतून जाताना कोट काढून ट्रेमध्ये ठेवायला लावला, तो आत गेला, मी इकडे. पडद्यावर बघणारा बराच वेळ बघत बसला. मग जांभई दिली त्यानं. जांभईच ती! कोट बाहेर आला, मी घातला आणि पुढे चालायला लागले. एवढा जीव भांड्यात कधी पडला नव्हता.

दारात ताई काठी टेकून उभी. बारीक झालीय. मिठी मारली आणि मग दोन पावलं मागे सरून माझ्याकडे बघत राहिली. माझ्याकडे नाही, कोटाकडे.

"अजून आहे?" म्हणाली.

"आहे की," मी म्हटलं, "ट्रंकेत होता. कसर लागली नाही."

ती आणखी काहीतरी बोलणार होती, मग म्हणाली, चहा टाकते. मी म्हटलं, तू बस, मी टाकते. असं सुरू झालं आमचं.

२४ ऑक्टोबर

ताईचं घर नीटनेटकं, एवढं की मला भीती वाटते. प्रत्येक खणावर चिठ्ठी. चमचे. दोरा. औषधं-सकाळ. औषधं-रात्र. हुकूम सोडायची सवय तीच. "पायपुसण्यावर पाय पूस." "नळ अर्धाच उघड." मी साठीची झालेय हे तिला कुणीतरी कळवायला हवं.

सकाळी तिचा व्यायाम करून घेते. गुडघा वाकत नाही म्हणून मला ओरडते. गुडघा तिचा!

२७ ऑक्टोबर

आज पहिल्यांदा कार्ड वापरलं. कोपऱ्यावरच्या दुकानात पाव आणि दूध घेतलं. नुसतं मशीनला टेकवलं — टुंग! झालं. ना पिन, ना सही. मी तिथेच उभी. दुकानदार म्हणाला, झालं. मी म्हटलं, एवढंच? त्याला काय कळलं कोण जाणे, हसला बिचारा.

ताईनं घरी आल्याबरोबर पर्स उघडली. "किती झाले? घे."

"झाले ते झाले," मी म्हटलं. "टेकवलं."

'टेकवलं' हा शब्द मी असा काही म्हटला की तिनं पर्स मिटली. रोज टेकवते आता. बसमध्ये टेकवते, औषधाच्या दुकानात टेकवते. मजा येते!

३१ ऑक्टोबर

ताईचा कोट आज दारामागे टांगलेला नीट बघितला. बाहीच्या कडा झिजलेल्या, त्या तिनं आत उलटवून पुन्हा शिवल्यात. वडील गिऱ्हाइकांना करून द्यायचे तसं. कोपरावर रफू. टाका तिचाच, बारीक. तिचा हात माझ्याहून आधीपासून सफाईदार.

मला वाटत होतं, इकडे पैशाला तोटा नसणार.

चहा पिताना मी सहज म्हटलं, "तुझ्याकडे कार्ड आहे की, मग बाहेर जाताना नोटा का मोजून घेतेस?"

म्हणाली, "सवय गं. माझ्या नावाचं कार्ड मला यांच्या मागे मिळालं. बँकेत मुलीनं पिन टाकायला सांगितला तर मी सवयीनं मागे वळून बघितलं. इतकी वर्षं यांच्याकडेच सगळं होतं. आठवड्याचे मोजून द्यायचे, शनिवारी हिशेब विचारायचे. वाईट नव्हते हां. पण विचारायचे."

मी कपातला चहा हलवत बसले. साखर केव्हाच विरघळली होती. मला हे काहीच माहीत नव्हतं. भावजी फोनवर इतके गोड बोलायचे!

तरीही. मनात एक आलंच : अडचण होती तर तसं सांगायचं होतं. कोट कशाला पाठवायचा. टोमणा कशाला मारायचा.

३ नोव्हेंबर

तिचा गुडघा आता जिने चढतो. उद्या बाजारात जाऊ म्हणाली. मी म्हटलं, कोटाच्या दुकानात जाऊ.

४ नोव्हेंबर

काय दिवस गेला!

दुकान मोठं, काचेचं, आत ऊबदार. मी सरळ आत शिरून कोटांच्या रांगेला हात लावायला सुरुवात केली. कापड हाताला कळतं, भाषा लागत नाही. अस्तर उलटून बघितलं, काजं बघितली. तीन टाकून दिले. दुकानातली मुलगी आधी कपाळाला आठी घालून बघत होती, मग मागोमाग फिरायला लागली. चौथा चांगला निघाला. गडद निळा, आतून भरीव, बाह्यांना माया भरपूर सोडलेली. ताईच्या अंगावर चढवला. तिला नको नको चाललं होतं. आरशात बघितलं आणि नको म्हणायची थांबली.

"हा घेऊ," मी म्हटलं.

"अगं, किंमत बघितलीस का?"

"बघितली. मी देतेय."

गल्ल्याशी गेले. कार्ड टेकवलं. टुंग झालंच नाही! मुलीनं मशीन माझ्याकडे फिरवलं. पिन टाका म्हणे. मोठ्या रकमेला लागतो. टाका तर टाका, पाठच आहे. टाकला. चूक. परत टाकला, सावकाश. चूक. तिसऱ्यांदा तोच टाकला, कारण मला खात्री होती ना! यांचं माप मी विसरेन?

कार्ड बंद. मशीननं लाल अक्षरांत सांगितलं, मुलीनं तोंडानं सांगितलं. मागे रांग. आणि माझ्या बाजूला ताईची पर्स उघडल्याचा आवाज.

"असू दे गं, मी देते."

तेच. नेमकं तेच! इतके बेत केले, इतक्या जणांचे सल्ले ऐकले, आणि शेवटी ताईच्याच पैशानं ताईला कोट! दुसरं कार्ड तर घरी बॅगेच्या तळाशी, कॅशियरकाकांचं ऐकून.

मग एकदम आठवलं, अरे, मी घातलाय ना!

"थांब," मी ताईला म्हटलं, "कुणाला काही देऊ नकोस." आणि कपडे घालून बघायच्या खोलीत शिरले. पडदा ओढला. छोटी कात्री इथे आल्यापासून पर्समध्येच असते, कात्रीशिवाय मला पर्स रिकामी वाटते. कोट काढला, उजवी शिवण धरली आणि करकर उसवली. बाहेरून ताई : "काय करतेस गं आत? बरं वाटत नाहीये का?"

"बरंच वाटतंय!"

बाहेर आले ते हातात नोटा आणि कोटाला दोरे लोंबतायत. मुलीनं एकेक नोट उजेडात धरून बघितली आणि घेतली. पुरल्या! वर एक नाणं परत आलं. मी ते खिशात टाकलं आणि इतक्या मोठ्यानं हुश्श केलं की रांगेतला एक म्हातारा हसला.

ताई मात्र हसली नाही. माझ्या कोटाच्या उसवलेल्या शिवणीकडे बघत होती. डोळे भरलेले. मला म्हणाली, "तू... अजून ठेवले होतेस?" मला काही समजलं नाही. मी म्हटलं, "अडीअडचणीला ठेवले होते, आली अडचण." बसमध्ये ती नव्या कोटाची पिशवी मांडीवर धरून बसली होती, लहान पोरीसारखी.

५ नोव्हेंबर

लेकीनं फोन करून कार्ड सुरू करून घेतलं. पिन नवा. जुना आता मेलाच, तेव्हा लिहायला हरकत नाही.

यांची छाती अडतीस, कंबर छत्तीस. अंगाचं माप. बँकेत तेच ठेवलं होतं. आणि दुकानात मी दाबलं चाळीस अडतीस! कापायचं माप! इतकी वर्षं टेपवर एक बघते आणि कापडावर दुसरं आखते, अंगाला दोन इंच मोकळं सोडून. बोटांना सवय. पिनलासुद्धा माया धरली!

यांना सांगितलं, तर हे फोनवर पाच मिनिटं हसत होते. मग म्हणाले, "माझं माप विसरलीस, आता मी कुणाकडे दाद मागू?" मागून कॅशियरकाकांचा आवाज आला, "रोकड ती रोकड!" हा माणूस आमच्याच घरी राहायला आलाय की काय!

६ नोव्हेंबर

ताईच्या नव्या कोटाची लांबी अर्धा इंच जास्त होती, ती आज मी हातानं आत घेतली. ती खिडकीत बसून बघत होती. "टाका लांब पडतोय," म्हणाली. पडत नव्हता.

मन इतकं निवांत आहे की काय सांगू. घर सोडून परक्या मुलखात आले, कुणापुढे हात पसरला नाही, जे द्यायचं ते देऊन झालं. फिटंफाट. उद्या जुना कोट तिला परत देईन, मग परतीला मोकळी. उजवी शिवण तेवढी घालून देते. उसवलेला कपडा परत देऊ नये.

७ नोव्हेंबर

कोट घडी करून तिच्या हातात दिला. हा तुझा तुला. तिनं डाव्या पट्टीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "ही बाजू कधी उसवलीच नाहीस?"

"तिकडे काय आहे?"

"माया. सांगितलं होतं की. तो माणूस यांच्या ऑफिसातला, त्याच्यासमोर पैसे कसं म्हणणार? म्हटलं माया म्हण, शिंप्याची लेक आहे, तिला कळेल."

शिंप्याची लेक, म्हणूनच नाही कळलं!

"त्या दिवशी दुकानात वाटलं, माझेच काढलेस. मग आठवलं, मी डावीकडे शिवले होते. कोट पाठवला तेव्हा पैसे मिळाल्याचं तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, कमी पडले म्हणून रागावलीस."

मी उसवली. तिचेच टाके. कॅनव्हासच्या मागे नोटा, लहान लहान, आठवड्याच्या खर्चातून राहतात तेवढ्या. केव्हाच बंद झालेल्या. आता कुठे चालत नाहीत म्हणे.

होत्या तशा परत आत ठेवल्या. तिला आता सुई ओवता येत नाही. मी ओवून दिली, टाके तिनं घातले. कोट मी घालून जाणार आहे.